पाय रोवून

आम्ही ज्या गाडीने आलो ती निघून गेली आणि पाचच मिनिटांत समोरच्या फलाटावर मार्सेयकडे जाणारी गाडी आली. मी मोबाइल काढला आणि ती थांबेपर्यंत व्हिडिओ घेतला. शेजारी उभे असलेले माझे सहकारी हसले. म्हणाले, "इथे उतरणारा प्रत्येक जण हेच करतो. माझ्या वडिलांना याचा फार राग यायचा. या गावाने एवढी जहाजं बांधली, आणि लोक येतात ते मिनिटभराच्या गाडीसाठी, असं म्हणायचे."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि मी २६ ची. त्यांचं काम घ्यायला मी फ्रान्सला आले होते.

हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी सगळ्यांना 'ऑनसाइटला गेले होते' एवढंच सांगायचे. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं होतं, "मार्सेय म्हणजे मार्सेलिस ना? सावरकरांनी उडी मारली ते?" हो, तेच. १९१० च्या त्या उडीपलीकडे आमच्या घरात त्या शहराबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. मलाही नाही.

काम असं होतं: मालवाहतुकीचं वेळापत्रक सांभाळणारं एक सॉफ्टवेअर तिथली आठ जणांची टीम गेली पंधरा-सोळा वर्षं चालवत होती. ती टीम बंद होणार होती आणि काम आमच्या पुण्याच्या ऑफिसात येणार होतं. आमच्या भाषेत याला 'ट्रान्झिशन' म्हणतात, आणि त्यात जे करायचं असतं त्याला 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. ज्याचं काम जाणार आहे त्याच्यासमोर बसायचं, त्याला सगळं विचारून घ्यायचं, ते लिहून काढायचं. एक एक्सेल शीट असते. विषय शिकून झाला की त्याचा चौकोन हिरवा करायचा. सगळे चौकोन हिरवे झाले की समोरच्या माणसाची गरज संपते. हे दोघांनाही माहीत असतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

पहिले दोन आठवडे ते विचारलं तेवढंच सांगायचे. खोटं नाही, अर्धवट नाही, पण एक शब्द जास्तीचा नाही. तिसऱ्या आठवड्यात कॉफी मशीनपाशी त्यांनी विचारलं, "तू शिकलीस काय?"

"मेकॅनिकल."

"मग इथे काय करतेस?"

याचं उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला माहीत आहे. कॅम्पसला सॉफ्टवेअरची कंपनी आली आणि तिने १२० जण उचलले. मी हसले. त्यांनी पुढे विचारलं, "कधी वेल्डिंग केलंयस?"

केलं होतं. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये. साठ जणांच्या वर्गात आम्ही पाच मुली होतो. 'मुलींनी लांबून बघा, डोळ्यांना त्रास होतो' असं सांगण्यात आलं होतं. मी हट्टाने काचेचा मुखवटा घेतला आणि दोन पट्ट्यांचा एक बट जॉइंट केला. वाकडातिकडा, जागोजागी भोकं पडलेला. तो जॉब अजून घरी आहे, बाबा त्याचा पेपरवेट करतात. हे सगळं मी मोडक्या इंग्रजी-फ्रेंचमध्ये सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळं हसले. "माझे वडील ३१ वर्षं वेल्डर होते," ते म्हणाले. "जहाजांचे. रविवारी वेळ आहे का?"

*

ला सिओता हे मार्सेयच्या पूर्वेला साधारण तीस किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या काठावरचं गाव. लोकसंख्या पस्तीस हजारांच्या आसपास. बंदराच्या डोक्यावर एक प्रचंड खडक आहे, त्याला 'गरुडाची चोच' म्हणतात. चोचीच्या खाली जहाजबांधणीचं यार्ड.

ज्या गाडीचा त्यांच्या वडिलांना राग होता ती ल्युमिए बंधूंची. त्यांच्या वडिलांचं या गावात मोठं घर होतं. ला सिओताच्या फलाटावर शिरणाऱ्या गाडीचं त्यांचं चित्रण जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध सिनेमांपैकी एक आहे. आपल्याकडेही ही गोष्ट लगेचच पोचली. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएंच्या माणसाने पहिला खेळ केला, त्यात स्टेशनात येणारी गाडी होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी तो खेळ पाहिला, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि पुढे १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

मला माहीत नव्हतं ते हे, की ल्युमिएंचा आणखी एक छोटा सिनेमा आहे. ला सिओतातच घेतलेला, १८९६ चाच. त्यात गाडी नाही. त्यात एक नवं जहाज उतारावरून घसरत समुद्रात जातं आणि काठावरची माणसं ते बघतात. त्यांनी बसमध्ये मला तो मोबाइलवर दाखवला. जहाज पुढून सरकत जातं तेव्हा क्षणभर पडद्यावर नुसती लोखंडी भिंत दिसते. भिंत संपते आणि पलीकडचं पाणी दिसतं.

"गाडी आली ते सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "जहाज गेलं ते कुणाला माहीत नाही."

*

बस बंदराशी थांबली आणि सगळ्यांत आधी दिसली ती क्रेन. दोन अवाढव्य पाय आणि वर आडवा तुळईसारखा पूल, अशी गॅन्ट्री क्रेन. घरं, चर्चचा घुमट, होड्यांच्या डोलकाठ्या, सगळं तिच्या गुडघ्याखाली. जुन्या बंदरातल्या कुठल्याही कॅफेत बसा, कॉफीच्या कपाच्या मागे ती असतेच.

तिच्याकडे बघत त्यांनी मला यार्डाची गोष्ट सांगितली. पुढे महिनाभर मी रात्री जागून जे मिळेल ते वाचलं. दोन्ही मिळून ती अशी.

लाकडाची शिडाची जहाजं इथे शतकानुशतकं बांधली जात होती. १८३५ च्या सुमाराला लुई बेने नावाच्या स्थानिक उद्योजकाने ठरवलं, की आता वाफेची बांधायची. १८३६ मध्ये इथून 'फोसेअँ' नावाची आगबोट पाण्यात गेली. १८५१ मध्ये यार्ड एका मोठ्या वाहतूक कंपनीकडे गेलं. ही कंपनी मुळात घोडागाड्यांनी टपाल आणि प्रवासी नेणारी होती. रस्त्यावरचा धंदा रेल्वे खाणार हे तिने ओळखलं आणि ती समुद्रात उतरली. फ्रान्समध्ये सत्ता बदलली तशी तिची पाटी बदलत गेली: आधी 'राष्ट्रीय', मग 'शाही', आणि १८७१ नंतर कायमचं 'मेसाजरी मारितीम'.

मला हा भाग फार आवडला. घोडागाडीवाल्यांनी रेल्वेला घाबरून आगबोटी काढल्या. आमच्या क्षेत्रात यालाच 'पिव्हट' म्हणतात आणि त्याची भाषणं होतात.

या कंपनीच्या बोटी मार्सेयहून निघून पूर्वेकडे जायच्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि हिंदी महासागर, इंडोचायना, चीन, जपान ही सगळी टपालाची वाट एका सलग रेषेत आली. बोटींची मागणी वाढली. ला सिओताला गिऱ्हाईक शोधायला कुठे जावं लागत नव्हतं, गिऱ्हाईक हेच मालक होतं. एका गावाची तीन-तीन पिढ्यांची पोटं एका कंपनीच्या टपालाच्या कंत्राटावर चालली.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, यार्ड मूळ कंपनीपासून वेगळं झालं. १९४० मध्ये पुन्हा नवी कंपनी, नवं नाव: शांतिए नाव्हाल द ला सिओता, म्हणजे नुसतं 'ला सिओताचं जहाज-यार्ड'. दुसऱ्या महायुद्धात बंदराची वाट लागली. युद्धानंतर सगळ्या युरोपला जहाजं हवी होती आणि यार्ड पुन्हा उभं राहिलं. त्यांचे वडील याच काळात, पंधराव्या वर्षी, शिकाऊ म्हणून आत गेले.

*

इथवरची गोष्ट चढाची. उताराची सुरुवात कुठून होते हे शोधताना मला गंमत वाटली, कारण ती सुरुवात यार्डाच्या सगळ्यांत मोठ्या चढातच आहे.

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझ कालवा बंद पडला, तो थेट १९७५ च्या जूनपर्यंत. आखातातलं तेल युरोपात आणायचं तर आफ्रिकेला पूर्ण वळसा. प्रवास इतका लांबला की लहान टँकर परवडेना. आता यात शाळेतलं गणित आहे. जहाजाची लांबी, रुंदी, खोली सगळं दुप्पट केलं तर पत्रा साधारण चौपट लागतो, पण आत तेल मावतं आठपट. माणसंही तेवढीच लागतात. म्हणजे जहाज जितकं मोठं तितकं पिंपामागे भाडं कमी. सगळं जग मोठे टँकर मागू लागलं.

ला सिओताने या मागणीवर पैज लावली. महाकाय जहाजं आत मावतील अशी नवी गोदी खोदली. भलेमोठे ठोकळे उचलायला मोठी क्रेन उभी केली. आता जहाज उतारावर एकेक पत्रा जोडत वाढवायचं नव्हतं. शेडमध्ये ठोकळे तयार करायचे, क्रेनने उचलून गोदीत शेजारी शेजारी ठेवायचे, सांधे जोडायचे आणि शेवटी गोदीत पाणी सोडायचं. ल्युमिएंच्या सिनेमातलं ते घसरत जाणं संपलं. आता जहाज जागच्या जागी तरंगू लागायचं.

या काळात यार्डाची मालकीही दूर गेली होती. बैरूतच्या इंत्रा बँकेने त्यात मोठा हिस्सा घेतला होता आणि १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ती बँकच बुडाली. विचार करा, प्रोव्हान्समधल्या एका बंदरातल्या वेल्डरच्या पगाराचा धागा लेबनॉनमधल्या बँकेच्या दारातल्या रांगेपर्यंत पोचत होता. तरी ऑर्डरी होत्या, म्हणून काम थांबलं नाही. ऑर्डरी असल्या की मालक कोण याची फारशी चौकशी कुणी करत नाही. हे मला चांगलं माहीत आहे, आमची कंपनी माझ्या पाच वर्षांत दोनदा विकली गेली.

मग १९७३. तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. जगाने तेल कमी वापरायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी सुएझही उघडला. आधीच मागवलेले राक्षसी टँकर मात्र गोद्यांत वाढतच होते. या काळाचं चित्र बघायचं तर फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, सँ-नाझेरला बांधलेला 'बातियुस' बघावा. लांबी ४१४ मीटर, माणसाने बांधलेल्या सगळ्यांत मोठ्या जहाजांपैकी एक. १९७६ मध्ये पाण्यात आला आणि १९८५ मध्ये भंगारात गेला. जेमतेम नऊ वर्षं.

त्याच सुमाराला जगाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी गोष्ट सुरू झाली होती. जपान आधीच खूप पुढे होता. १९७२ मध्ये दक्षिण कोरियात उल्सानच्या किनाऱ्यावर ह्युंदाईने यार्ड बांधायला घेतलं, आणि यार्ड पूर्ण होण्याआधीच पहिल्या जहाजांचं काम सुरू केलं. मजुरी कमी, सरकार पाठीशी, माणसं तरुण.

त्यांनी 'कोरिया' शब्द उच्चारला तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मात्र कपातली साखर ढवळत राहिले. त्या गोष्टीत मी कुठे बसते हे मला कळलं होतं. मजुरी कमी, माणसं तरुण.

*

१९८२ च्या अखेरीस सरकारच्या पुढाकाराने तीन यार्डं एकत्र केली: उत्तरेतलं डंकर्क, तुलाँजवळचं ला सेन आणि ला सिओता. नव्या कंपनीचं नाव नॉर्मेड. उत्तरेचं नॉर आणि भूमध्याचं मेड. एक आजारी माणूस एकटा पडला आहे म्हणून दोन आजारी माणसं त्याच्याच खाटेवर आणून निजवावीत, तसं हे झालं. तिघांचं दुखणं एकच होतं: जहाज बांधायला जितका खर्च येई तितकी किंमत बाजारात मिळत नव्हती, आणि मधलं अंतर सरकारी अनुदानातून भरलं जात होतं. युरोपीय समुदायालाही अशी अनुदानं नको होती. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये नवं सरकार आलं, त्याने हात आखडता घेतला आणि त्याच वर्षी नॉर्मेडने दिवाळं जाहीर केलं. हातातली जहाजं पुरी करेपर्यंत काम चाललं, मग एकेक शेड बंद होत गेली.

कामगारांना रक्कम देऊ केली गेली. घ्या आणि राजीनामा द्या. बहुतेकांनी घेतली. सगळ्यांनी नाही. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये १०५ कामगार यार्डात शिरून बसले आणि १९९४ पर्यंत हलले नाहीत. सहा वर्षं. फ्रान्समध्ये त्यांना नुसतं '१०५' म्हणतात. त्यांची मागणी होती की इथे जहाजंच बांधली जावीत, आणि ते शक्य आहे. लेक्समार नावाची कंपनी यार्ड घ्यायला तयारही झाली होती. सरकारने होकार दिला नाही.

"माझे काका त्या १०५ मध्ये होते," ते म्हणाले. "रात्रपाळी वाटून घ्यायचे. कुणी क्रेन भंगारवाल्याला विकू नये म्हणून पहारा. वंगण घालायचे, फिरवून बघायचे. काम नसलेली क्रेन सहा वर्षं जिवंत ठेवली."

"आणि वडील?"

"वडिलांनी पैसे घेतले."

त्या दोन वाक्यांमध्ये ते बराच वेळ थांबले होते.

दोघं भाऊ एकाच शेडमध्ये, एकाच पाळीत काम केलेले. आमच्या या साहेबांचं कॉलेज तेव्हा सुरू होतं. वडिलांनी घेतलेल्या पैशातून त्यांची कॉम्प्युटरची फी भरली गेली. काकांनी भावाच्या घरात पाऊल टाकणं बंद केलं. रस्त्यात समोरून आले तर काका फुटपाथ बदलायचे. गाव लहान, त्यामुळे फुटपाथ रोज बदलावा लागायचा.

"कोण बरोबर होतं?" मी विचारलं. केटीत प्रश्न विचारायची सवय लागली होती, तोंडून निघून गेला.

"काका बसले म्हणून ती क्रेन उभी आहे," ते म्हणाले. "वडील उठले म्हणून मी इथे बसलोय. आता तू सांग."

मी काही सांगितलं नाही.

*

दुपारी त्यांनी मला पेतांक खेळायला नेलं. लोखंडी गोळ्यांचा तो खेळ तुम्ही फ्रेंच सिनेमांत पाहिला असेल, म्हातारी माणसं झाडाखाली खेळतात तो. तोही ला सिओताचाच. आधी प्रोव्हान्समध्ये असाच एक खेळ होता, पण त्यात गोळा टाकण्याआधी धावावं लागायचं. १९०७ च्या सुमाराला इथल्या ज्यूल लन्वार नावाच्या जुन्या खेळाडूला संधिवाताने धावणं अशक्य झालं. तो कडेला बसून बघायचा. मग दोस्तांनी त्याच्यासाठी नियमच बदलला: अंतर कमी करायचं आणि कुणीच धावायचं नाही, सगळ्यांनी पाय एकत्र रोवून टाकायचं. प्रोव्हान्सच्या बोलीत 'रोवलेले पाय' यासाठी जो शब्द आहे त्यापासून 'पेतांक' झालं.

मी गोळा टाकताना माझी टाच उचलली जायची. ते म्हणायचे, "पाय!" चार खेळांनंतर एक गोळा बऱ्यापैकी पडला. शेजारच्या बाकावरच्या दोन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकाला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. साहेबांनी खिशातून पाण्याची बाटली काढून त्याला दिली आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

परतताना म्हणाले, "ॲस्बेस्टॉस. तोही यार्डातलाच."

जहाजात इंजिन, बॉयलर, वाफेचे पाइप असतात. उष्णता बाहेर पडू नये, आग पसरू नये म्हणून त्यांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे. वेल्डर ठिणग्यांपासून वाचायला त्याचीच चादर अंगावर घ्यायचे. त्याची पांढरी धूळ हवेत असायची, डब्यात असायची, घरी येणाऱ्या कपड्यांत असायची. रोग व्हायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणजे यार्ड बंद झाल्यावरही त्याचं काम चालूच राहिलं. फ्रान्सने १९९७ च्या सुरुवातीपासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली आणि १९९९ पासून अशा कारखान्यांतल्या आणि यार्डांतल्या कामगारांना लवकर निवृत्तीचा हक्क दिला.

त्यांचे वडील त्याच रोगाने गेले. काकाही. एकाने पैसे घेतले होते, एकाने घेतले नव्हते. फुप्फुसांना त्यातलं काही माहीत नव्हतं. शेवटच्या महिन्यात काका भावाच्या घरी आले, पलंगाशी बसले. दोघं काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की आईने दोघांना सूप दिलं आणि दोघांनी ते गार होऊ दिलं.

*

मग त्या यार्डाचं झालं काय? ते आजही चालू आहे, हे मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतं. १९९४ मध्ये समझोता झाला, पुढच्या वर्षी सरकारी भांडवलाची एक कंपनी नेमली गेली आणि हळूहळू तिथे नवा धंदा आला: श्रीमंतांच्या यॉटची दुरुस्ती. शंभर-शंभर मीटरच्या पांढऱ्याशुभ्र बोटी हिवाळ्यात रंगरंगोटीला येतात. सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा शेकडो हातांना काम आहे. २०२२ च्या मार्चमध्ये इथेच फ्रेंच कस्टम्सने 'आमोरे व्हेरो' नावाची यॉट जप्त केली. ती रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचे प्रमुख इगोर सेचिन यांच्याशी संबंधित कंपनीची आहे, असं फ्रेंच सरकारचं म्हणणं होतं. ज्या यार्डाला तेलाने चढवलं आणि तेलाने उतरवलं, त्याच्याच धक्क्यावर तेलवाल्याची म्हणून ही बोट अडकून पडली.

क्रेनच्या सावलीत या बोटी खेळण्यांसारख्या दिसतात. मी तसं म्हणाले तर ते म्हणाले, "खेळणी असू देत. माझा भाचा तिथे आहे. त्याचा पगार खेळण्यातला नाही."

आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली आणि ती मला सोडत नाही. सत्तरच्या दशकात ला सिओताने द्रवरूप नैसर्गिक वायू नेणारी जहाजंही बांधली. हा वायू उणे १६२ अंशांना द्रव होतो. इतक्या थंडीत नेहमीचं पोलाद काचेसारखं तडकतं. टेक्निगाझ या फ्रेंच कंपनीने यावर तोडगा काढला होता: टाकीला आतून स्टेनलेस स्टीलचा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा लावायचा आणि त्याला आडव्या-उभ्या सुरकुत्या ठेवायच्या. थंडीने धातू आकसला की सुरकुत्या उलगडतात, पत्रा फाटत नाही. १९९४ मध्ये, म्हणजे १०५ जण बाहेर आले त्याच वर्षी, टेक्निगाझ आणि तिची प्रतिस्पर्धी गाझट्रान्सपोर्ट एकत्र होऊन जीटीटी झाली. आज कोरियात बांधल्या जाणाऱ्या बहुतेक वायुवाहू जहाजांच्या टाक्या या कंपनीच्या परवान्याखाली बनतात आणि प्रत्येक जहाजामागे तिला पैसे मिळतात.

म्हणजे जे कागदावर लिहिता आलं ते फ्रान्समध्ये राहिलं आणि अजून कमावतं आहे. जे हातात होतं ते हातांबरोबर गेलं.

त्या सुरकुत्यांचे सांधे जोडणारे हात कसे तयार व्हायचे, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, वडील सांगायचे की सांधा डोळ्यांनी बघू नकोस, कानांनी ऐक. आर्क नीट लागला की एकसारखा तळल्यासारखा आवाज येतो. आवाज तुटला की आत भोक पडलं समज. मला एकदम आमच्या वर्कशॉपमधला तो आवाज आठवला. कढईत भजी सोडल्यासारखा चर्र, आणि मध्येच थुईथुई. माझ्या जॉबमध्ये भोकं का पडली ते मला आठ वर्षांनी, एका वेल्डरच्या मुलाकडून कळलं.

*

सोमवारपासून केटी बदलली. त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. शीटमध्ये नसलेल्या गोष्टीही. कोडमध्ये एका ठिकाणी फ्रेंचमध्ये एक शेरा होता: 'याला हात लावू नका.' खाली तीन ओळी, ज्यांचा अर्थ लागत नव्हता. त्यांनी सांगितलं, युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा येतो. एका वर्षी त्या दुसऱ्यांदा आलेल्या तासात सुटणारे सगळे ट्रक प्रणालीने 'आधीच गेले' असं धरलं आणि गेटवर अडवले. रात्रभर ते फोनवर होते. पहाटे त्या तीन ओळी लिहिल्या. "का लिहिल्या ते तेव्हाच लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "पण झोप आली होती."

शेवटच्या दिवशी सगळे चौकोन हिरवे झाले. त्यांनी पॅकेज घेतलं होतं. बाकी सात जणांपैकी दोघांनी घेतलं नव्हतं, ते कोर्टात जाणार होते. निघताना मी म्हणाले, "मला वाईट वाटतं." इंग्रजीत ते फार पोकळ वाटलं.

"तू घेतलं नाहीस," ते म्हणाले. "तुला दिलं गेलं. फरक आहे. पण तुझ्याकडून घेतलं जाईल तेव्हा समोरच्या पोराला नीट शिकव."

तेव्हा मला हे जरा नाटकी वाटलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्या टीमला मेल आला. काम आणखी कमी खर्चाच्या दुसऱ्या सेंटरला हलणार. अकरा जणांपैकी चौघं दुसऱ्या प्रोजेक्टवर, बाकीच्यांनी 'पर्याय बघावेत'. मी बाकीच्यांत. घराचा हप्ता सुरू होऊन सात महिने झालेत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आमच्यातल्या एकाने सुचवलं, की केटी द्यायचीच नाही, सगळ्यांनी मिळून हात वर करायचे. दुसरा म्हणाला, मग रिलीव्हिंग लेटर कोण देणार? आमच्याकडे पहारा द्यायला क्रेनसुद्धा नाही. जे आहे ते सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर. दोघं आता एकत्र जेवायला बसत नाहीत. मी दोघांच्याही टेबलावर आलटून पालटून बसते, आणि ते कुणालाच आवडत नाही.

परवा पहिला कॉल झाला. समोर तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. कॅमेरा बंद, प्रश्नांची यादी तयार. तिसऱ्या का चौथ्या प्रश्नाला त्याने स्क्रीनवर त्या तीन ओळी उघडल्या. "मॅडम, हे फ्रेंचमध्ये काहीतरी आहे. काढून टाकलं तर चालेल ना?"

तास संपायला दहा मिनिटं होती. मी त्याला ऑक्टोबरच्या त्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ट्रक, गेट, दोनदा आलेला तास, आणि पहाटे झोप आल्यामुळे न लिहिलेलं कारण. मग म्हटलं, हे आता आपण दोघं मिळून इथेच लिहू या. लिहून झाल्यावर तो चौकोन हिरवा करणार तेवढ्यात मी विचारलं, "तुझी ब्रांच कुठली होती रे?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने कॅमेरा सुरू केला.

"मेकॅनिकल," तो म्हणाला.